थंडीने करपलेले पाम: तोडायचे की वाट बघायची?

शुभा_पार्ले
१४ मार्च २०२५

नमस्कार. बागकामाच्या या विभागात मी रोज वाचते, लिहिते क्वचित. आज मात्र तातडीने सल्ला हवा आहे. झाडं मुंबईतली नाहीत, हे आधीच सांगते.

माझा मुलगा आणि सून ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीला राहतात. त्यांनी घर घेतलं ते अर्ध्याहून अधिक अंगणातल्या पामांकडे बघून. पुढच्या बाजूला दोन क्वीन पाम आहेत, लांबून बघितले तर थेट आपले माड. मागे कुंपणाशी एक उंच वॉशिंग्टोनिया, पंख्यासारख्या पानांचा. फाटकाजवळ एक सागो. पार्ल्यात आमच्या जुन्या इमारतीच्या मागे चार माड होते, ते रीडेव्हलपमेंटमध्ये गेले. त्यामुळे तिकडे गेले की सकाळचा चहा मी त्या क्वीन पामांसमोरच घेते. माझा जीव त्यांच्यात अडकलाय म्हटलं तरी चालेल.

२१ जानेवारीला तिथे बर्फ पडला, तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. मुलाच्या अंगणातल्या थर्मामीटरवर पहाटे उणे सात दिसत होतं. पहिले दोन दिवस पानं काळपट हिरवी, ओली, उकडलेल्या भाजीसारखी दिसत होती. मग आठवडाभरात सगळी गवती रंगाची झाली. आता क्वीन पामांच्या सगळ्या झावळ्या तपकिरी होऊन लोंबताहेत, फक्त देठांचा बुंध्याकडचा भाग अजून हिरवट आहे. वॉशिंग्टोनियाची खालची पानं गेली, मधली दोन-तीन अर्धी हिरवी आहेत. सागो पूर्ण पिवळा-तपकिरी.

झाडं तोडणारा एक माणूस येऊन गेला. गाडीतून उतरला, खालूनच वर बघितलं, "सगळे मेले" म्हणाला आणि चारही तोडायचा भाव सांगून गेला. वर कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र आलं आहे, महिन्याभरात सुकलेली पानं काढा म्हणून. मुलगा म्हणतो, आई, तोडून टाकू, नवीन काहीतरी लावू. मी त्याला म्हटलं, मला थोडे दिवस दे.

तर, झाड जिवंत आहे की नाही हे ओळखायचं कसं? सुकलेल्या झावळ्या आत्ता कापाव्यात का? काही औषध मारता येतं का? आणि वाट बघायची तर किती? मुलाकडे उंच शिडी आहे आणि तो सांगितलेलं नीट करतो. फक्त सांगणारं कोणीतरी हवं.

---

नागावची_वाडी
१४ मार्च २०२५

शुभाताई, आधी त्या तोडणाऱ्याला थांबवा. खालून बघून माड मेला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

मी राहतो दादरला, पण अलिबागजवळ नागावला आमची माडाची आणि सुपारीची वाडी आहे, दर शनिवार-रविवार तिकडेच असतो. आपल्याकडे पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही. सांताक्रूझचा आजवरचा नीचांक ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२ चा. पण माडाला थंडीने मार बसो, वादळाने बसो की बुरशीने, जगायचं की मरायचं ते ठरतं एकाच ठिकाणी, शेंड्यात. आंब्याची फांदी मोडली तर दहा ठिकाणांहून फुटवा येतो. एकखोडी पामाला वाढणारा डोळा एकच, अगदी वर, देठांच्या बेचक्यात खोल बसलेला. तो जिवंत असेल तर सगळ्या झावळ्या गेल्या तरी झाड परत उभं राहतं. तो मेला की खाली खोड कितीही टणक असू दे, ते झाड संपलं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. ज्या माडांचे शेंडे मुरगळले ते सगळे गेले, खोडं शाबूत असूनही. आणि ज्यांच्या झावळ्या पार फाटून चिंध्या झाल्या होत्या पण मधला कोंब सरळ उभा होता, त्यांना आज नारळ आहेत. वादळानंतर लगेच गावात माणसं करवती घेऊन फिरत होती. माझ्या काकांनी एकाही उभ्या माडाला हात लावू दिला नाही. काका म्हणाले होते, कोंब बघू, मग बोलू.

तर मुलाला कोंब बघायला सांगा. शिडीवर चढून झावळ्यांच्या मधोमध बघायचं, तिथे न उघडलेलं, घडी मिटलेलं टोकदार पान सरळ उभं असतं. ते हिरवं आहे की तपकिरी, हे पहिलं. मग दोन बोटांत धरून हलकं वर ओढायचं. जोर लावायचा नाही, हिसका तर अजिबात नाही. घट्ट बसलं असेल तर उत्तम. हातात निघून आलं तर त्याचं खालचं टोक बघायचं आणि वास घ्यायचा. पांढरं, कोरडं असेल तर ठीक. चिकट, तपकिरी आणि कुबट घाण वास असेल तर आत कूज लागली आहे.

कोंब घट्ट असेल तर पुढची परीक्षा अशी. न पुसणारं मार्कर पेन घ्या. कोंबावर आणि त्याला लागून असलेल्या जुन्या झावळीच्या देठावर एकाच पातळीत एक आडवी रेघ मारा. जुना देठ वाढत नाही, कोंब वाढतो. दोन-तीन आठवड्यांनी कोंबावरची रेघ वर सरकलेली दिसली की समजायचं, डोळा काम करतोय. कोंबाचं टोक तपकिरी असलं तरी चालेल, रेघ सरकली पाहिजे. तिथे मार्चमध्ये अजून गारवा असेल, त्यामुळे तीन आठवड्यांत हललं नाही म्हणून लगेच निराश होऊ नका. ऊन तापलं की वेग वाढतो.

आता कूज. थंडीने मेलेल्या पेशींवर बुरशी आणि जीवाणू बसतात. पुष्कळ पाम थंडीत वाचतात आणि त्यानंतरच्या कुजीने जातात. आमच्याकडे पावसाळ्यात हाच प्रकार कोंब कुजण्याच्या रोगाने होतो, फायटोप्थोरा नावाच्या बुरशीमुळे. गेल्या श्रावणात एका तरण्या माडाचा कोंब वाकडा दिसला. चढणाऱ्याने वर जाऊन नुसता हात लावला तर तो सुटून खालीच आला, बुडाला साबुदाण्याच्या खिरीसारखा गिळगिळीत. मग कोयत्याने कुजलेला भाग कापत कापत आत गेलो. तपकिरी, मग पिवळट, मग एकदम पांढराशुभ्र, कुरकुरीत गाभा लागला. तिथे थांबलो. त्यावर बोर्डो मलम लावलं, मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना एकेक किलो, दहा लिटर पाणी. वरून प्लास्टिकचा तुकडा सैल बांधला, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. दिवाळीच्या सुमाराला त्या भोकातून नवा कोंब वर आला, कडा जरा कातरल्यासारख्या, पण आला.

तुमच्या मुलाने मोरचूद शोधत बसू नये. तिकडे दुकानात तयार कॉपरचं बुरशीनाशक मिळतं. खत म्हणून विकतात ते तांबं नव्हे, बुरशीनाशकच घ्यायचं. कोंब सैल असेल तर तो काढून टाकावा, आतली घाण साफ करावी आणि लेबलवर जेवढं प्रमाण दिलंय तेवढ्याचं पाणी करून थेट शेंड्यात ओतावं. सात ते दहा दिवसांनी आणखी एकदा. बस. तिसऱ्यांदा नको, तांबं साठून त्याचाच त्रास होतो. कोंब घट्ट असलेल्या झाडालाही एक फवारा द्यायला हरकत नाही. आणि लॉनचे तुषार शेंड्यावर उडत असतील तर त्यांची तोंडं फिरवा. मुळाशी ओल हवी, डोक्यात पाणी साचायला नको.

झावळ्यांचं म्हणाल तर ज्या देठात हिरवेपणा आहे ती झावळी ठेवायची, पातं सुकलेलं असलं तरी. हिरव्या देठातून झाड अजून अन्नद्रव्यं परत ओढून घेत असतं, आणि पुन्हा गारठा आलाच तर त्या झावळ्या डोळ्याभोवती पांघरूण होतात. पूर्ण वाळलेली, देठापर्यंत तपकिरी झालेली तेवढी काढा. तेवढ्याने असोसिएशनचंही समाधान होईल. पत्राला उत्तर म्हणून दोन ओळी लिहून द्या की झाडावर उपचार चालू आहेत.

---

परतलेला_गिरगावकर
१५ मार्च २०२५

वाडीवाल्यांनी कोंबाचं सगळं नेमकं सांगितलं आहे. मी टेक्सासच्या बाजूने थोडी भर घालतो. मूळ गिरगावचा, बरीच वर्षं ऑस्टिनला होतो, आता मुलुंडला. फेब्रुवारी २०२१ ची ती थंडी मी तिथे काढली आहे. ऑस्टिनला पारा उणे १३-१४ पर्यंत उतरला होता आणि दिवसचे दिवस शून्याच्या वर आलाच नाही. उणे सात एका पहाटेसाठी आणि उणे तेरा चार दिवस, यात फार फरक आहे, म्हणून ताई, तुमच्याकडे आशेला जागा आहे.

पण प्रत्येक जातीची ताकद वेगळी. आपला नारळ शून्यालाच मान टाकतो. क्वीन पाम साधारण उणे चार-पाचपर्यंत तग धरतो, त्याखाली त्याचं काही खरं नसतं. २०२१ नंतर ऑस्टिनमध्ये मला एकही जिवंत क्वीन पाम दिसला नाही. उंच, सडपातळ मेक्सिकन वॉशिंग्टोनिया उणे सहा-सातला पानं गमावतो पण बहुधा उठतो, आणि उठला की झपाट्याने वाढतो. तिथले स्थानिक सबाल पाम आणि चिनी पवनचक्की पाम एवढ्या थंडीतूनही वाचले. म्हणजे तुमच्याकडे खरी काळजी क्वीनची आहे, वॉशिंग्टोनियाची त्यामानाने कमी.

सागोला विसरून जा, म्हणजे त्याची चिंता विसरून जा. तो पाम नाहीच, सायकस आहे, नुसता दिसायला पामासारखा, कूळ वेगळंच. थंडी संपली की सगळी वाळकी पानं बुंध्याशी कापून टाकायची. बुंधा टणक असेल तर उन्हाळ्याच्या तोंडावर पानांचा पूर्ण नवा घेर एकदम वर येतो. फक्त एक लक्षात ठेवा. घरात कुत्रा असेल तर सागोपासून लांब ठेवा. त्याचे सगळेच भाग कुत्र्यांना विषारी आहेत, बिया सर्वात जास्त.

आता जे सांगतो ते मनावर दगड ठेवून ऐका. कोंब वाढला म्हणजे झाड वाचलं असं लगेच धरू नका. पामाच्या खोडाला साल-गाभा असा प्रकार नसतो, दरवर्षी नवं लाकूड चढत नाही. पाणी वर नेणाऱ्या नळ्या खोडभर विखुरलेल्या असतात आणि त्या एकदाच बनतात. थंडीने त्यातल्या बऱ्याच मेल्या तर झाड पुन्हा नव्या बनवू शकत नाही. वसंतात गारवा असतो, पानं कमी असतात, तेवढं पाणी उरलेल्या नळ्या पुरवतात. जुलै-ऑगस्टात अडतीस-चाळीस डिग्री झाली, पानं वाढली, मागणी वाढली की झाड अचानक बसतं. माझ्या शेजारच्या एका वॉशिंग्टोनियाला मे महिन्यात चार सुंदर हिरवी पानं होती, ऑगस्टमध्ये तीच देठापासून दुमडून खाली लोंबली.

म्हणून खोड तपासत राहा. बोटाने दाबून मऊ लागतंय का, उभ्या चिरा पडल्यात का, कुठून द्रव झिरपतोय का, ठोकल्यावर पोकळ आवाज येतोय का. वॉशिंग्टोनिया कुंपणाशी आहे म्हणालात. पडला तर कोणाच्या छपरावर जाईल ते मोजून ठेवा. खोड मऊ पडलेलं उंच झाड आशेवर ठेवायचं नसतं.

आणि बाहेरच्या कोणाला विचारायचं असेल तर झाडं तोडून ज्याचं पोट चालतं त्याला नको. जवळपास प्रत्येक काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचं अ‍ॅग्रीलाइफ एक्स्टेन्शन ऑफिस असतं, तिथले प्रशिक्षित स्वयंसेवक माळी अशा प्रश्नांना उत्तरं देतात. फोटो पाठवा म्हणावं.

---

टेरेसवाली_मुलुंड
१५ मार्च २०२५

मधेच विचारते, माफ करा. माझ्या गच्चीवरच्या कुंडीतल्या अरेका पामाची टोकं डिसेंबरपासून तपकिरी झाली आहेत, खालची पानं पिवळी-नारिंगी. हीसुद्धा थंडीच का? यंदा मुलुंडला पहाटे चांगलाच गारवा होता. कॉपर मारू का?

---

नागावची_वाडी
१५ मार्च २०२५

नाही, ताई, कॉपर मारू नका. आपल्या मुंबईतल्या थंडीने अरेका मरत नाही. हिवाळ्यात हवा कोरडी असते, गच्चीवर वारा लागतो आणि कुंडी लवकर सुकते, टोकं त्याने जळतात. खालची पानं पिवळी-नारिंगी होऊन त्यावर बारीक ठिपके असतील तर बहुधा पालाश (पोटॅश) कमी पडलंय. कुंडीत वर्षानुवर्षं तीच माती असली की हे होतंच. कुंडीच्या कडेला पांढरा थर बसलाय का बघा. असेल तर क्षार साठलेत. एकदा भरपूर पाणी ओतून ते तळाच्या भोकातून वाहून जाऊ द्या, मग कुजलेलं शेणखत आणि पोटॅशचं खत थोडं थोडं द्या. पिवळी पानं घाईने कापू नका. झाड त्यातलंच पालाश ओढून वरच्या पानांना देत असतं, ती कापलीत तर त्याच्या वरची पिवळी पडतील.

शिवाय अरेकाला एकाच बुडातून अनेक खोडं येतात. एखादं गेलं तरी बाजूची उभी राहतात. शुभाताईंच्या क्वीन पामाला ती सोय नाही, म्हणून तिथे एवढा जपायचा खटाटोप.

---

शुभा_पार्ले
४ मे २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला वेळ लावला कारण सांगण्यासारखं काही दिसेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं.

मुलाने तुमचे दोन्ही प्रतिसाद मोबाईलवर उघडे ठेवून, शिडीवर चढून एकेक गोष्ट केली. मी पार्ल्यात रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉलवर, तिथे दुपार. डावीकडच्या क्वीन पामाचा कोंब त्याने धरला, मी श्वास रोखून बसले होते, तो हलला नाही. निळ्या मार्करने रेघ मारली. उजवीकडच्याचा कोंब मात्र बोटांत धरताच निघून आला. मुलाने तोंड फिरवलं, वास इतका वाईट होता. त्याने जेवढं खरवडून काढता आलं तेवढं काढलं, कॉपरचं पाणी ओतलं, नवव्या दिवशी पुन्हा ओतलं.

आता स्थिती अशी. डावीकडच्याची रेघ एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तसूभरही सरकली नव्हती. मग सरकायला लागली, आणि आज निळी रेघ शेजारच्या देठावरच्या रेघेपेक्षा चांगली वीतभर वर आहे. नवं पान उघडतंय पण विचित्र दिसतंय. टोकाचा अर्धा भाग तपकिरी, पाती आखूड, चुरगळलेली, कागद मुठीत दाबून सोडल्यासारखी. हा रोग आहे का? वॉशिंग्टोनियाने तीन हिरवेगार पंखे काढले आहेत, त्याचं खोडही टणक आहे. सागोवर मऊ, लोकरीसारखा कोंबांचा गोळा वर आलाय. उजवीकडचा क्वीन मात्र तसाच. शेंड्यात खड्डा, काही हालचाल नाही, आणि खोडाच्या वरच्या बाजूला एक चीर दिसते. अंगठा दाबला तर तिथे आत जातो, मुलगा म्हणाला.

असोसिएशनने पत्राचं उत्तर मान्य केलं, पुढच्या तपासणीपर्यंत मुदत दिली आहे.

आता सून विचारते आहे की खत घालू का. लॉनसाठी आणलेली मोठी पिशवी घरात आहे, तीच सगळीकडे टाकली तर? आणि उजवीकडच्याचं काय करू, तेही सांगा. तुम्ही जे म्हणाल ते मी ऐकेन.

---

नागावची_वाडी
५ मे २०२५

ताई, डावीकडचा वर आला हे वाचून फार बरं वाटलं. घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

ते चुरगळलेलं पान रोग नाही. माडवर्गातल्या झाडाच्या शेंड्यात पुढची कितीतरी पानं आधीच घडत असतात. माडाचं एक पान आत सुरू झाल्यापासून बाहेर उघडेपर्यंत दोन वर्षांहून जास्त काळ जातो. जानेवारीत जी पानं आत कोवळी होती त्यांना त्या रात्रीचा मार बसला आहे, आणि ती आता एकामागून एक बाहेर येतील. पहिली दोन-तीन अशीच वेडीवाकडी निघतील. पुढचं प्रत्येक पान आधीच्यापेक्षा थोडं मोठं आणि सरळ आहे ना, एवढंच बघत राहा. ती वाकडी पानं कापायची नाहीत, जेवढा हिरवा भाग आहे तेवढं अन्न तीच बनवताहेत. डोकं पूर्ण भरायला वेळ लागेल. आमचा नारळ वर्षाला बारा-चौदा झावळ्या काढतो आणि भरलेल्या माडावर तीसेक असतात, त्यावरून हिशेब करा. दोन उन्हाळे तरी धरून चाला.

लॉनचं खत अजिबात नको. त्यात नत्र भरमसाट असतं. नत्राने पान भराभर वाढतं आणि पालाश कमी पडतं, आणि पालाश कमी असलेला पाम पुढच्या थंडीत आणखी लवकर पडतो. तणनाशक मिसळलेली पिशवी असेल तर ती पामाच्या मुळांपासून लांबच ठेवा. तिकडे पामासाठी वेगळं, हळूहळू विरघळणारं खत मिळतं. फ्लोरिडा विद्यापीठाने ८-२-१२ (नत्र-स्फुरद-पालाश) आणि सोबत ४ टक्के मॅग्नेशियम असं प्रमाण सुचवलेलं आहे, मँगनीज आणि बाकी सूक्ष्मद्रव्यंही त्यातच असावीत. १०० चौरस फुटांना दीड पाउंड, झाडाच्या घेराखाली पसरून, बुंध्याला चिकटू न देता. मी असतो तर पहिल्या वेळी निम्मंच दिलं असतं, कारण पानं कमी आहेत आणि मुळांनाही मार बसलेला असणार. आमच्याकडे आळ्यात मीठ आणि मासळीचं खत घालतात, ते मुलाला सुचवू नका. आपल्या किनाऱ्याची रेती वेगळी, तिथली चिकणमाती वेगळी, मीठ तिथेच साचून राहील.

पाणी आठवड्यातून एक-दोनदा खोलवर. चिकणमातीत रोज रोज दिलंत तर मुळं गुदमरतील. बोटभर खोल माती चाचपून मगच द्या.

उजवीकडच्याबद्दल गिरगावकरांना बोलू द्या, तिथला अनुभव त्यांचा.

---

परतलेला_गिरगावकर
५ मे २०२५

वाडीवाल्यांशी पूर्ण सहमत. मँगनीजचं त्यांनी म्हटलं ते विशेष लक्षात घ्या. माती थंड असताना मुळं ते उचलू शकत नाहीत, आणि क्वीन पामाला त्याची कमतरता फार लवकर जाणवते. माती तापल्यावरही नवी पानं एकामागून एक आखूड आणि कुरळीच येत राहिली तर तो थंडीचा मार नव्हे, मँगनीजच कमी आहे, मग मँगनीज सल्फेट द्यावं लागेल.

उजवीकडचा गेला, ताई. कोंब कुजून निघाला, मेचं ऊन लागूनही काही वर आलं नाही, आणि खोड अंगठ्याखाली दबतंय. यातलं पहिलं एकटं असतं तर मी जुलैपर्यंत थांबा म्हटलं असतं, कारण कोंब गेलेले पामही कधी कधी तीन-चार महिन्यांनी वर येतात. पण खोड मऊ झालं की थांबण्यात अर्थ नाही. १ जूनपासून तिथे चक्रीवादळांचा मोसम सुरू होतो आणि हे झाड पुढच्या दारी, येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. मे संपायच्या आतच उतरवून घ्या. वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवायला सांगा, आणि शिडी लावून कोणाला त्यावर चढू देऊ नका, असलं खोड माणसाचं वजन पेलत नाही. ज्याने चारही मेले म्हणून सांगितलं होतं त्यालाच बोलवायला हवं असं नाही. विमा असलेला, प्रमाणपत्र असलेला वृक्षतज्ज्ञ बघा आणि भाव एकाच झाडाचा मागा.

त्या जागी पुन्हा क्वीन लावू नका. सबाल लावा, मेक्सिकन सबाल तिथे छान होतो. वाढीला सावकाश आहे, पण अशा थंडीत त्याच्या एखाद्या पानाचं टोक करपेल, त्यापेक्षा जास्त काही होणार नाही. लावायचा तर आत्ता, माती तापलेली असताना. पामाची मुळं गारव्यात धरत नाहीत.

डावीकडच्या क्वीनला आणि वॉशिंग्टोनियाला मात्र ऑगस्ट संपेपर्यंत कोणाला करवत लावू देऊ नका, मग असोसिएशनची कितीही पत्रं येऊ देत. आणि येत्या डिसेंबरच्या आधी मुलाला सांगून ठेवा, पारा उणे तीनच्या खाली जाणार असं दिसलं की क्वीनच्या झावळ्या वर गोळा करून सैल बांधायच्या आणि शेंड्याभोवती जुनी गोधडी गुंडाळायची, सकाळी ऊन आलं की सोडायची.